तीनशे दहा नॅनोग्रॅम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सहा वर्षं दुधाच्या कॅनवर झाकण दाबावं तसं दाबून ठेवलंय — पण झाकण दाबलं म्हणून आतलं नासायचं थांबतं का?

वडवणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथलं दूध संकलन केंद्र मी चालवतो. गावातला पहिला बी.एस्सी. मी, कागद कुणाचाही असो, वाचायला माझ्याकडंच येतो. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आश्रुबा माझा लहानपणापासूनचा दोस्त. दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. मग त्यानं तीन गाई घेतल्या आणि कोयता आढ्याला खोचून ठेवला. पहिल्यांदाच हिवाळाभर गावात राहिला, तेव्हा रोज सकाळी कॅन खाली ठेवताना उगाचच हसायचा.

पुढच्याच वर्षी आमचं दूध घेणाऱ्या प्लांटनं नवा नियम काढला. पेंडीला बुरशी लागली की तिचं विष दुधात उतरतं, म्हणून प्रत्येकाचा नमुना एकदा प्रयोगशाळेत तपासायचा. मर्यादा — किलोभर दुधात अर्धा मायक्रोग्रॅम. सगळ्यांचे आकडे आले: ०.२, ०.३, कुणाचा ०.४. आश्रुबाकडं त्या दिवशी लग्नकार्य होतं, दूध आलं नव्हतं. त्याचा नमुना मागाहून, दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला. त्याचा आकडा आला — ३१०.

मला काय वाटलं सांगू? दगा. आठच दिवसांपूर्वी मी त्याच्या दारात पेंडीची भिजलेली पोती पाहिली होती. "उकिरड्यावर टाकायलोय," म्हणाला होता. म्हणजे माझ्याशी खोटं बोलला — माझ्याशी? अर्ध्याच्या जागी तीनशे दहा, म्हणजे सहाशे पट! असं होईल तरी का, हा प्रश्न शिकलेल्या माणसाला पडायला नको होता? नाही पडला.

दुसऱ्या दिवशी रांगेसमोर मी त्याचा कॅन परत केला. तो घरी गेला आणि तांबड्या गाईचं दावं धरून केंद्राच्या दारात आला. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"इष्णू, गाईवर हात हाय माझा. बुरशीचा एक घास चारला न्हाई."

"गाईलाच इचार की बे, खाल्ला का न्हाई ते!" रांगेतून कुणीतरी ओरडलं. माणसं हसली.

मी हसलो नाही. मी म्हणालो, "मशीनला शपथ कळत न्हाई, आश्रुबा."

त्यानं हात काढला. गाय वळवली आणि गेला.

बातमी आजूबाजूच्या केंद्रांवर गेली. त्याचं दूध कुणी घेईना. गुरुवारच्या बाजारात गाई विकायचं ठरलं.

सोमवारी मी प्लांटचा तक्ता भरत बसलो होतो. त्यात एककाचा रकाना होता. बाकीच्यांच्या कागदांवर शेपटीवाला यू होता — मायक्रोग्रॅम. आश्रुबाच्या कागदावर, अगदी बारीक अक्षरांत, एन आणि जी. नॅनोग्रॅम. कॉलेजात पाठ केलेलं सगळं आठवलं — ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम, मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम, मायक्रोग्रॅमचे हजार नॅनोग्रॅम. फॅटच्या पावतीमागं गणित मांडलं. तीनशे दहा भागिले हजार. ०.३१. पुन्हा मांडलं. पुन्हा तेच.

माझ्या स्वतःच्या गाईंचा आकडा होता ०.४.

गुरुवारला तीन दिवस होते. मंगळवारी त्याच्या घराकडं निघालो. त्याची बायको तांबडीला धूत होती — बाजारासाठी. मी शेताकडं निघाल्यासारखं दाखवलं आणि पुढं गेलो. बुधवारी घराबाहेरच पडलो नाही. भीती कशाची होती? मारणार कुणी नव्हतं. फक्त त्याच रांगेसमोर म्हणावं लागलं असतं, की मला कागद वाचता आला नाही. एवढंच — खरंच, एवढंच. तक्त्यात मात्र मी ०.३१ लिहिलं, एकक मायक्रोग्रॅम. अगदी बिनचूक.

गुरुवारी गाई गेल्या. दिवाळीनंतर आश्रुबा आणि त्याची बायको टोळीबरोबर ट्रॅक्टरवर बसून गेले. तेव्हापासून दर वर्षी जातात.

मागच्या उन्हाळ्यात तो किटली घेऊन केंद्रावर आला — आता तो दूध विकत नेतो. कुणी नव्हतं. किटली पुढं करून म्हणाला, "इष्णू, लई इचार केला गड्या. मशीन कशाला खोटं बोलंल? एखादं पोतं ऱ्हायलं असंल टाकायचं. बायकोनं चारलं असंल, नकळत. गाईवर हात ठिवून म्या खोटं बोललो. मनात ठिऊ नको."

मी माप बुडवलं. त्याच्या किटलीत दूध ओतलं.

"जाऊ दे," मी म्हणालो. "झालं गेलं."

मी त्याला माफ केलं.