फोटोआधीचे फोन

फोटोग्राफर बाईंचा मेसेज आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मेसेज कसला, परिपत्रकच होतं. सगळ्यांनी फिकट रंग घालावेत. मोठ्या फुलांची साडी नको, काठ भडक नकोत, दागिने रोजचेच. कॅमेऱ्याकडे बघू नका, आपापसात गप्पा मारा, घरी जशा असता तशाच राहा. शेवटी लिहिलं होतं, एकदम रिलॅक्स आणि नॅचरल. मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवलंय. 'सहज वागा' म्हटल्याबरोबर पोरं कशी काठीसारखी ताठ होतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आणि घरी आम्ही जशा असतो तसाच फोटो हवा असेल, तर तीन खोल्यांत तीन कॅमेरे लावावे लागले असते.

हा सगळा घाट माझ्या लेकीचा. तिची मुलगी वर्षाची होत आली होती. पणजी, आजी, आई आणि पणती अशा चौघींचा एक फोटो हवाच, हे तिनं डोक्यात घेतलं. चौघींचाच म्हटल्यावर घरातले पुरुष सुटले. अडकले मी, कारण माझी आई फोटो काढू देत नाही. ऐंशी पार केलीय तिनं, आणि माझ्या लग्नानंतरच्या अडतीस वर्षांत तिचा म्हणून एकच फोटो निघालाय, तो आधार कार्डावरचा. त्यात जिवंत माणूसही जिवंत दिसत नाही. बारशी झाली, मुंजी झाल्या, लेकीचं लग्न झालं. फोटोवाला दिसला की आई स्वयंपाकघरात. लोक म्हणायचे, म्हातारी लाजते. ती लाजत नव्हती. कारण मला माहीत होतं, आणि त्यातलं निम्मं कारण मीच होते.

ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

माझं लग्न औरंगपुऱ्यात घरासमोरच्या मांडवात झालं. आईचं माहेर लासूर स्टेशनचं. लग्नाच्या आठवडाभर आधीपासून आजी, म्हणजे आईची आई, तापानं पडून होती. मामा तिच्यापाशी थांबला होता, मुहूर्ताला पोचतो असा त्याचा निरोप होता. आदल्या दिवशी सकाळी मला हळद लागली. आई आत रुखवत मांडत होती. तेवढ्यात सकाळच्या गाडीनं लासूरचा एक ओळखीचा माणूस आला आणि दारातच त्यानं माझ्या हातात वहीच्या पानाची घडी दिली. मी ओल्या हळदीच्या हातांनी तशीच ती उघडली. मामाचं अक्षर होतं. 'आई पहाटे गेली. अक्काला घेऊन या. संध्याकाळपर्यंत थांबतो.'

बाबा मागंच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, वाचला आणि कोटाच्या खिशात घातला. आमचं घराणं भिक्षुकीतलं. बाबा स्वतः कचेरीत कारकून होते, तरी सुतकाचे नियम त्यांना तोंडपाठ. सुतक लागतं ते ऐकल्यापासून. कानावर आलं नाही तोवर सुतक नाही. आणि एकदा लागलं की लग्न नाही. तिकडं जालन्याहून वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. बाबांनी त्या माणसाला चहासुद्धा न विचारता मागच्या मागं स्टेशनवर पाठवलं आणि मला म्हणाले, "तू काही वाचलं नाहीस. कळलं?"

मला कळलं. जरा वेळानं आई पदराला हात पुसत बाहेर आली. "लासूरचा माणूस दिसला गं मला खिडकीतून. काय म्हणाला?" बाबा मांडवाच्या खांबाकडे बघत होते. मी म्हणाले, "आजीचा ताप उतरलाय. पण मामा तिच्यापाशीच थांबणार म्हणे."

बाबांनी मला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं. ताप उतरल्याचं मी माझ्या मनचं घातलं. का घातलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. लग्न मोडायची भीती होती, आणि आईचा चेहरा बघवत नव्हता. ते ऐकून तिनं देवघराकडे बघून हात जोडले, आणि मग ती दोन दिवस हसत होती. लग्नाचा अल्बम उघडा, पानोपानी हसते आहे. हळदीच्या दुपारचा एक फोटो आहे. तिच्या गालाला कुणीतरी हळद फासलीय आणि ती तोंड उघडून हसतेय. त्याच दुपारी लासूरला सगळे तिच्यासाठी थांबले होते.

तिला कळलं ते मी सासरी गेल्यावर. बाबांनी सगळं अंगावर घेतलं. ताप उतरल्याचं पोरीला मीच सांगितलं, तिला काही ठाऊक नव्हतं, असं ते आईला म्हणाले. वर्षभर आई त्यांच्याशी बोलली नाही. 'ताट वाढलंय म्हणावं,' असं ती भिंतीला सांगायची. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. आणि मी कानावर हात ठेवून बसले. सांगायचं शंभरदा ठरवलं. कधी सण आडवा यायचा, कधी तिचा रक्तदाब, आणि काहीच नसलं की माझा भित्रेपणा तर होताच.

तर फोटोग्राफर बाईंचा दुसरा मेसेज आला. आजींचा हसतानाचा एखादा जुना फोटो पाठवा, म्हणजे चेहरा कुठून घ्यायचा ते ठरवता येईल. मी आत कणीक मळत होते. लेकीनं कपाटातून नेमका तोच अल्बम काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला.

"आजी, बघ ना, काय गोड हसतेस!"

पिठाच्या हातांनीच मी बाहेर आले. आईनं चष्मा लावला होता आणि ती त्या हळदीच्या पानावर थांबली होती.

"दुपारचा असंल हा," ती म्हणाली. "हा नको देऊ कुणाला."

"मग नवा काढू देशील?" लेकीनं लगेच पकडलं.

पणती अल्बमचा कोपरा तोंडात घालत होती. आईनं तो हळूच सोडवला, तिची लाळ पुसली. मला वाटलं, आता नाही म्हणेल. मला नाहीच हवं होतं बहुतेक.

"येते," आई म्हणाली. "पण बसायच्या आधी मला फोन लावून द्यायचे. कुणाकुणाला ते मी सांगंन."

"लाव की. दहा फोन लाव." लेक हसली. तिला काय ठाऊक!

शनिवार उजाडला तो माझ्या चिडचिडीनंच. आईची मोतिया साडी मी दोनदा इस्त्री केली. लेक म्हणाली, जरा चुरगळलेलीच छान दिसते. मी म्हणाले, मग मला पहाटे उठवलंस कशाला. डबा, थर्मास, सतरंजी, बाळाची दुपटी, एवढं सगळं सहज दिसण्यासाठी गाडीत भरलं. आई मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पडेगाव मागं पडलं, दौलताबाद रोडच्या कडेला पेरूवाल्या बायका दिसायला लागल्या. एका ओळखीच्यांच्या पेरूच्या बागेत फोटो काढायचं ठरलं होतं. आरशातून मी आईकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं माझं झालं होतं. तिनं नुसतं खाकरलं तरी वाटायचं, आता विचारते.

फोटोग्राफर बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. नाकात चमकी, पायांत बूट, आणि दर दोन मिनिटांनी 'रिलॅक्स'. संध्याकाळी पाचपासून पावणेसहापर्यंतचं ऊन सोन्यासारखं असतं, म्हणाल्या, मग डोंगराआड जातं. आम्ही झाडाखाली सतरंजी अंथरली. आई बसली आणि तिनं पिशवीतून कॅलेंडरचं एक जुनं पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तिच्या तिरक्या अक्षरात यादी होती. अकरा जण.

"घरूनच लावायचे होतेस ना गं," मी म्हणाले.

"घर ते इथं, मधल्या वेळात काहीबी होतं."

लेकीनं पहिला फोन लासूरला लावला. मामाला आता कमी ऐकू येतं. "अरे, बरा आहेस ना?" आई ओरडली. "आन् घरातले? समदे? नीट बघून सांग." तिकडून मामा घाबरून विचारत होता, काय झालं अक्का, कोण गेलं? "कुणी नाय गेलं. फोटो काढायचाय." आईनं पहिल्या नावापुढं पेन्सिलीनं खूण केली. मग जालन्याची मावशी, मग पुण्याचा माझा भाऊ, मग चुलत्याच्या घरी. प्रत्येक जण आधी दचकायचा. फोटोग्राफर बाई आधी हसत होत्या. सातव्या फोननंतर त्या उन्हाकडे बघायला लागल्या. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, हे त्यांना मी काय सांगणार!

दहावा आईचा शेंद्र्याचा भाचा. तिथल्या कारखान्यात असतो. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आजी, तो कामावर असेल," लेक म्हणाली.

"असंल. लाव."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ऊन झाडाच्या बुंध्यावरून वर सरकायला लागलं. बाळ किरकिर करू लागलं. माझा पारा चढला, आणि तो नुसत्या उन्हासाठी नव्हता. "आई, पुरे झालं आता! लोक आपल्यासाठी थांबलेत!"

आईनं माझ्याकडे बघितलं. "थांबू दे की. थांबतात माणसं."

पाचेक मिनिटांनी भाच्याचाच फोन आला. "आत्या, मशीनवर होतो. काय झालं?" आईनं त्याची, त्याच्या बायकोची, पोरांची चौकशी केली. मग अकरावा फोन लागला, तिथंही सगळे ठीक होते. तिनं शेवटची खूण केली, कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली.

"झालं ना आजी?" लेकीनं बाळाला तिच्या मांडीवर दिलं.

"एक राहिलं." आई माझ्याकडे वळली. "तुझ्याकडं कुणाचा निरोप आलाय का? आला असंल तर आत्ता सांग. मागून नको."

"नाही गं," मी म्हणाले.

"हात बघू."

तिनं माझे दोन्ही तळवे उलटे करून बघितले. तिचे हात थंड होते. "चिठ्ठी मला ह्यांच्या कोटात सापडली होती. तुझ्या लग्नानंतर कोट धुवायला काढला तवा. तिच्यावर पिवळी बोटं होती." मग अगदी शांतपणे म्हणाली, "ह्यांना कुठं हळद लागली होती?"

लेक एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. कॅमेऱ्याचा आवाज येत होता, पण कॅमेऱ्याकडे बघू नका असं आम्हाला सांगितलेलंच होतं.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले. "मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

मला रडू फुटलं. साठीची बाई, फिकट साडी नेसून, पेरूच्या झाडाखाली भोकाड पसरून रडत होते. पण आता सुरुवात झालीच होती, तर उरलेलंही सांगून टाकायचं होतं. "आई, ताप उतरलाय हे बाबांनी नव्हतं सांगायला लावलं. ते माझ्या मनचं होतं. मीच घातलं."

हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती समोरच्या झाडाकडे बघत राहिली. बाळानं तिच्या बांगड्या धरल्या होत्या, त्याही तिनं सोडवल्या नाहीत. माझा हात सोडला नाही, पण दाबलाही नाही.

"त्या एका वाक्यावर मी दोन दिवस हसले," ती म्हणाली. "आन् ह्यांना वर्षभर छळलं त्याच वाक्यासाठी."

ऊन डोंगराआड गेलं. फोटोग्राफर बाईंनी कॅमेरा खाली घेतला आणि पहिल्यांदाच रिलॅक्स म्हणाल्या नाहीत. आम्ही डबा न उघडताच घरी आलो. वाटेत आईनं फक्त बाळाला टोपी घालायला सांगितली.

आठ दिवसांनी फोटो आले. बरेचसे हललेले, काळोखे. लेकीनं दोन बरे काढून आईपुढं ठेवले. एकात बाळ बांगड्या ओढतंय आणि आई जराशी हसल्यासारखी दिसते; लेकीला तोच फ्रेम करायचा होता. दुसऱ्यात माझं तोंड वेडंवाकडं झालंय, नाक लाल, लेकीच्या कपाळाला आठ्या, आणि आई सरळ समोर बघतेय. हसत नाहीय.

आईनं चष्मा लावला आणि दुसरा उचलला.

"अगं आजी, यात आई रडतेय!"

"असू दे. हाच लाव." तिनं फोटो माझ्या हातात दिला. "ह्यात समद्यांना समदं ठाऊक आहे."