केसरबाईच्या दह्याची तार

...तं मालू, हे बी लिव, का केसरबाईच्या घरचं दही मोहगावात कोनी पाह्यलंच नव्हतं. जो जाय त्याले मठ्ठाच भेटे. अन मठ्ठा तरी कसा, दुपारपर्यंत ठेवला तरी पानी वेगळं होत नसे. दही मागितलं का म्हने, "आत्ताच घुसळलं बाई." भांडे असे घासे का त्यात तोंड दिसावं. न दुसरीच्या घरी गेली का टोमना ठेवलेलाच, "दह्याचा गडगा उन्हात ठेवत जा वं जरा."

आता आपल्याकडे कसं हाय, दह्याले तार सुटली का बाईच गलिच्छ. मंग ते दही गुपचूप म्हशीच्या घमेल्यात. कबूल कोन करते?

अन दोन वर्साखाली उन्हाळ्यात सौंसरहून आली माही भाची, भगवंतरावची प्रमिला. नागपूरले लॅबमधे काम करते ना ती. म्हने, "आत्या, मले तारेचं दही पायजे." मी तं हासतच बसली. तिनं समजावलं, दह्यातले जंतू दुधातली साखर खातेत न तिचं आंबट करतेत, थोडीशीच साखर तारेत जाते, न त्या तारेनं दही घट्ट राह्यते, पानी सुटत नाही. ते लॅबवाले लोकं जंतूच्या आतलंच बदलून राहिले होते. आपन बगीच्यात पानी एका आळ्याचं बांधून दुसऱ्या आळ्यात वळवतो ना, तशी आंबटाकडची साखर तारेकडे वळवायची. पन गरमीत त्यायच्या जंतूयनं तार काढनंच सोडलं होतं. नवीन विरजन नाही भेटलं, तं तिचं काम बंद.

मी तिले घरोघर फिरवलं. जिथं जावं तिथं एकच, आमचं दही वडीसारखं पडते. पोरीचे डोळे भरून आले. शेवटी केसरबाईकडे बसलो, मठ्ठा आला. प्रमिलानं घोट घेतला, गिलास तिरपा केला न पाहातच राह्यली. विचारलं, पानी कसं नाही सुटत?

"म्हशीचं दूध हाय."

"आत्याकडे बी म्हशीचंच हाय, काकू. मले चांगलं दही नको. तारच पायजे. ते जंतूचं काम हाय, गडग्याचा दोष नाही त्यात."

केसरबाईनं माह्याकडे पाह्यलं, उठली, दाराची कडी लावली न आतून गडगा आनला. चमच्यानं उचललं तं तार, मालू, तिच्या कपाळापर्यंत गेली पन तुटली नाही.

म्हने, "सासूच्या वेळेपासून अशीच येते. म्हनून तं उठल्याबरोबर रवी फिरवा लागते. माह्यं नाव नको लिवू हं."

प्रमिलानं बाटलीवर निस्तं मोहगाव लिवलं. ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसमधे बसली, हासे बी न रडे बी.

अन परवा आली ना ती. त्याच विरजनातले जंतू बदलून केलेलं दही आनलं. वाटी उलटी धरली तं दही खाली पडेच ना, लोंबकळूनच राह्यलं. केसरबाई ते वाटी घेऊन अख्खी गल्ली फिरली. जिनं जनमभर कडी लावून तार लपवली, ते बाई दारोदार दाखवत होती, "हे माह्या गडग्यातलं हाय."

झालं, कर घडी. हा कागद शेजारच्या विजयजवळ दे, उद्या नागपूरच्या बसनं जाते तो. प्रमिलाच्याच हातात द्यायचा, विरजन कुठून आलं ते तिच्या लॅबवाल्यायले दाखवाले. न सांगायचं, केसरबाई म्हनते, बाटलीवर आता माह्यं नाव लिव.