पेवावरची बाज

माझे सासरे अंगणात बाजेवर झोपत आणि ती बाज बारा महिने एकाच जागी असे. पाऊस आला तर वर तरट बांधत, पण बाज तसूभर हलवत नसत. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला मोकळी हवा आवडते. पुढे एकदा जात्यावर समोरासमोर बसलो असताना सासूबाई हळूच म्हणाल्या, "हवा कशाची डोंबलाची! खाली पेव हाय."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मात्र खोलीएवढं. वर दगड ठेवून माती लिंपली की दाणा वर्षानुवर्षं टिकतो. पण एकदा तोंड उघडलं की हवा लागते आणि सगळीच ज्वारी बाहेर काढावी लागते. पायलीभर काढून परत झाकलं, असं पेवात चालत नाही. कुणाला काही द्यायची वेळ आली की मामंजींना ही अडचण फार सोयीची पडे.

आम्ही ख्रिस्ती. रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हणताना मामंजींचा आवाज सगळ्या मंडळीच्या वर चढायचा, आणि मला पदरात तोंड लपवून हसावं लागायचं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत होती. दळायला बसलं की जात्यात घालण्याआधी एक मूठ दाणे वेगळ्या मडक्यात टाकायचे. ते मडकं देवाचं. रविवारी घरोघरची मडकी देवळात रिकामी व्हायची आणि ते धान्य ज्या घरात चूल पेटत नसेल तिथे जायचं. घर कितीही गरीब असो, मूठ चुकत नसे.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. ज्वारी महागली आणि मामंजी खुशीत आले. अजून महागू दे, म्हणून बाजेवर पडून वाट पाहू लागले. चर्चचे पाळकसाहेब उपाशी घरांसाठी दारोदार मदत मागत आमच्याकडे आले, तेव्हा मामंजी ठिगळांचा कोट चढवून दारात उभे राहिले. "पाळकसाहेब, घरात दाना न्हाय. आमचं कसं चाललंय ते देवालाच ठावं." पाळकसाहेबांनी त्या कोटाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मी दाराआड संतापानं नुसती धुमसत होते. ते गेल्यावर मामंजींनी मुठीचं मडकंही बंद करायला लावलं. दाणे दिसले तर लोक काय म्हणतील! सासूबाईंनी मडकं पालथं घातलं आणि दिवसभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

रविवारी आमचं मडकं देवळात आलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. उपासना संपवून आम्ही घरी पोचतो न पोचतो तोच मंडळीतल्या बायका अंगणात आल्या. पुढे गोवऱ्या विकणारी एक विधवा म्हातारी होती. तिच्या डोक्यावर भरलेलं मडकं होतं.

"लाजू नगंस बाबा," ती मामंजींना म्हणाली, "येळ समद्यांवर येती की."

आम्हालाच ती उपाशी समजली होती! तिनं मडकं खाली ठेवलं, तिथेच बाजेशेजारी गुडघे टेकले आणि डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, ह्या घराला दाना दे." तिच्या गुडघ्यांखाली आमचं पेव होतं. मामंजी हात जोडून उभे होते, पण त्यांच्या तोंडून आमेनसुद्धा फुटेना. मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी अंगावर सरसरून काटा आला.

सासूबाईंनी मुद्दाम तेच धान्य दळलं. कुणाची पांढरी ज्वारी, कुणाची तांबूस, कुणाची बाजरी, त्यात कुणाचे किडके दाणेही. भाकरी ठिपक्याठिपक्यांची झाली. मामंजींनी एक तुकडा तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

"हे कुनाकुनाचं हाय?"

"रंग बगा की. समद्यांचं हाय," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींनी ताट सारलं आणि ते बाहेर गेले. थोड्या वेळानं बाज ओढल्याचा आवाज आला. आम्ही धावलो तर मामंजी कुदळीनं माती उकरत होते.

"अवो, उगडलं तर परत झाकता यायचं न्हाय!" सासूबाई ओरडल्या.

"ठावं हाय मला."

दगड सरकला आणि जमिनीतून गरम, आंबूस, उग्र वाफ वर आली. आम्ही मागे सरलो. माझ्या यजमानांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. विषारी हवेनं तो विझला. काही वेळानं पुन्हा सोडला, पुन्हा विझला. मग एकदा तो जळत राहिला आणि आम्ही वाकून पाहिलं. पिवळसर ज्वारी भिंतीला भिडून पसरली होती, उजेड पुरत नव्हता इतकी. या अंगणात मी रोज सडा घालत होते. माझ्या पायांखाली एवढं अन्न होतं, आणि पलीकडच्या गल्लीत पोरं उपाशी निजत होती. मला भीती वाटली आणि हात आपोआप जोडले गेले.

"सूनबाई, मंडळीत सांगून या. पाट्या घिऊन या म्हनावं," मामंजी म्हणाले.

मंडळी आली, तेलुगू बोलणारे शेजारचे विणकर आले, ज्याला कळलं तो आला. मामंजी स्वतः पाट्या भरत होते. मापाला कुणी हात लावला नाही. गोवऱ्यावाली म्हातारी आली आणि ढिगाकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

"सकाळी मागितलं न् लगोलग भुईतनं निगालं! देवानं दिलं की रं बाबा तुला!"

ते गप्प राहिले असते तर म्हातारी तो चमत्कार जन्मभर सांगत फिरली असती, आणि मामंजींची अब्रूही राहिली असती. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "न्हाय आजी. आदीपास्नंच हुतं. मीच वर निजलो हुतो."

म्हातारीनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"मग आता उठलास की," ती म्हणाली आणि तिनं पाटी पुढे केली.

मामंजी दोन्ही हातांनी तिच्या पाटीत ज्वारी ओतत राहिले, ती पुरे पुरे म्हणत होती तरी.