दाराची ओळ

माझ्या भाचीला घरात सगळे कॅप्टन म्हणतात. हे नाव मी चेष्टेने ठेवलं होतं, कारण तेव्हा ती सायकलवरूनही पडायची. पुढे तिने खरोखरच वैमानिक व्हायचं म्हणून विमानशास्त्राच्या पदवीला नाव घातलं आणि माझी चेष्टा माझ्याच अंगाशी आली.

लोकांना वाटतं, ही पदवी म्हणजे ढगांत हिंडणं. कॅप्टन मात्र वारा, वजन आणि हवामान यांची जाडजूड पुस्तकं घेऊन मान मोडेस्तोवर बसायची. लेखी परीक्षेत तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पण मेख अशी, की शेवटी उड्डाणाची परीक्षा पास झालात तरच पदवी वैमानिकाची. नाहीतर विमानतळाच्या कचेरीत बसा आणि जन्मभर खिडकीतून दुसऱ्यांची विमानं बघा. नापास झाल्यास पुन्हा संधी एकदाच.

तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, घरी कपडे शिवते. शिवणयंत्राजवळच्या भिंतीवर कॅप्टनने विमानातल्या घड्याळांचं आणि खटक्यांचं मोठं चित्र चिकटवलं होतं. त्यासमोर खुर्ची. इंजिन सुरू करण्याआधी काय काय तपासायचं, त्याची यादी ताई वाचायची, एक डोळा सुईवर ठेवून. पट्टा, इंधन, ब्रेक. कॅप्टन चित्रावर बोट टेकवून उत्तरं द्यायची. मला ते पाढे ऐकल्यासारखं वाटे. हळूहळू तिला सगळं कागदाशिवाय घडाघडा येऊ लागलं, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता.

परीक्षेला परीक्षक तिच्या उजवीकडे बसले. त्या छोट्या विमानाला दार एकच, तेही उजव्या बाजूला. एरवी शिकवणारे सर ते स्वतःच लावून घ्यायचे. परीक्षकांनी मुद्दाम नुसतं लोटून ठेवलं, कडी लावली नाही. कॅप्टनने यादी घडाघडा म्हटली, इंजिन सुरू केलं आणि ती निघाली. धावपट्टीच्या तोंडाशी परीक्षकांनी इंजिन बंद करायला सांगितलं, कोपराने दार उघडलं आणि नापास म्हणून उतरून गेले.

घरी येऊन ती त्याच खुर्चीत बसली. होतं असं कधीकधी, असं काहीतरी मी पुटपुटलो. तिने लक्ष दिलं नाही. छापील यादीत दार आहे, मग माझ्याच तोंडात ते कसं नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ताईचं यंत्र थांबलं.

"ती ओळ मी कधी वाचलीच नाही," ताई म्हणाली. "एवढ्या वर, आणि दार उघडं. माझ्या तोंडून ते निघायचंच नाही. मी पुढचं वाचायचे."

मला ताईचा भयंकर राग आला. आईच्या काळजीपायी पोरीचं आयुष्य पणाला लागलं होतं. कॅप्टन मात्र चिडली नाही. तिने यादी उचलून आईच्या मांडीवर ठेवली आणि आता वाच म्हणाली. ताईने दोनदा तोंड उघडून मिटलं. मग तो शब्द बाहेर पडला, पण इतका बारीक, की मलाच नीट ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून खुर्ची घराच्या दाराला खेटून आली. ताई कधी कडी लावी, कधी नुसतं लोटून ठेवी. स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय कॅप्टन उत्तर देत नसे. शेजारच्या मांजरीने त्या काळात आमच्याकडचं बरंच दूध संपवलं.

दुसऱ्या खेपेला तिने परीक्षकांसमोरून हात लांबवून दार ढकलून पाहिलं. पास झाली. पदवी मिळाली.

परवाना हाती आल्यावर तिने आम्हाला वर न्यायचं ठरवलं. मी मागे बसलो. ताई पुढे, उजवीकडे. कॅप्टनने यादी तिच्या हातात दिली. ताईने पट्टा वाचला, पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि थांबली. कॅप्टनने घाई केली नाही.

"दार," ताई म्हणाली.

"ते तुझ्या हाताशी आहे, आई."

ताईने कडी लावली. तळहाताने दार ढकलून पाहिलं, मग खांद्याने.

"बंद आहे," ती म्हणाली. "चल."