काचेवरचे तीळ

"टाकीत अंडी आहेत. लौकर ये." रामटेकेकाकांचा फोन. तुमसरच्या दुकानातून चिखल्यापर्यंत मी गाडी अशी हाणली की मागची धूळ पार मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्यात जाऊन बसली असेल.

माझा धंदा माशांच्या टाक्यांचा. बोर्डावर ‘समुद्री मासेही मिळतील’ असं लिहिलंय. आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाव पाहिजे तेवढे, समुद्र कुठून येणार? आमचा समुद्र म्हणजे आरओचं पाणी आणि त्यात विरघळवलेलं खास मीठ. तो पाळणारी गिऱ्हाइकं सांगायला शंभर, खरं एकच: खाणीच्या कॉलनीतले रामटेके. टाकी त्यांच्या मुलाची, अमोलची. अमोल गेल्या उन्हाळ्यात बाईकवरून ट्रकखाली गेला. त्याच्या क्लाऊनफिशच्या, म्हणजे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या समुद्री माशांच्या, जोडीतला एक मासाही मागोमाग मेला. उरला एक.

काका दारातच उभे होते.

"हे पाय भाऊ, तुही काकू दिवसभर टाकीसमोर बसून राहते. धड जेवत नाही, बोलत नाही. मी टाकी खालीच करणार होतो. आता म्हणते, अमोलच्या माशानं अंडी देल्ली. माशाची असन तं टाकी राहीन. नसन तं रविवारी घेऊन जा."

आतून काकूंनी विचारलं, "बाबू, पिल्लं कधी निंघतीन?"

मी मोबाईलचा टॉर्च लावला, भिंग काढलं. क्लाऊनफिशची अंडी नारिंगी, एका जागी दाट चिकटवलेली. काही दिवसांत आत डोळे चमकतात आणि मासा शेजारी राहून पंखानं वारा घालतो. इथं पांढरे ठिपके, तिळासारखे. काचेवर, दगडावर, पंपावरसुद्धा. मासा भलत्याच कोपऱ्यात. नखानं खरवडलं. नख तुटलं, ठिपका हलला नाही.

गोगलगाय. काचेवरचं शेवाळ खायला सोडतात ती.

खोटं माझ्या जिभेवर तयारच असतं. शिवाय टाकी गेली की माझ्या बोर्डावरचा समुद्र आटणार होता.

"काकू, माझ्या दुकानात एकदा एकट्या माशानं एवढी अंडी घातली की बादल्या कमी पडल्या..."

"अमोल म्हणे, तू लय फेकतोस," काकू म्हणाल्या. "आज नको फेकू."

"गोगलगायीची आहेत, काकू."

"त्यानंच आणली होती न ते?"

"हो. माझ्याच दुकानातून."

"मंग त्यातून तं निंघन काही?"

"नाही जगत. त्या पिल्लांना मोकळा समुद्र लागतो."

काकू उठून आत गेल्या. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी ये."

रविवारी पाणी काढलं. मासा पिशवीत घेतला. काचेवरचे ठिपके घासायला लागलो तर काकू म्हणाल्या, "ते राहू दे." राहू दिले. तसेही ते निघत नाहीत.

मासा माझ्या दुकानात आहे, त्याच टाकीत. कोणी किंमत विचारली की सांगतो, मुंबईच्या एका शेठचा आहे, शेठ रोज त्याच्याशी व्हिडीओ कॉलवर बोलतात. बाजाराच्या दिवशी काकू येतात. स्टुलावर बसतात, बघतात, जातात. चहा घेत नाहीत.

धंद्यातला धडा एवढाच: गोगलगाय विकताना गिऱ्हाइकाला आधीच सांगावं की ती अंडी घालते. मी आता सांगतो.