चांगदेवाच्या मोजणीतली तीन जादा विमानं

कुरकुंभाच्या अलीकडे, दौंडाच्या बाजूला, एक उघडा माळ होता. कुसळं सोडली तर तिथं काही उगवायचं नाही. त्या माळावर विमान खात्यानं सहा उंच खांब रोवले, मधे पत्र्याची बैठी इमारत बांधली आणि भोवती तारेचं कुंपण घातलं. लोक म्हणाले, आता इथं विमान उतरणार. विमान काही उतरलं नाही, अजूनही उतरलेलं नाही. पण वरून जाणाऱ्या विमानांच्या बातम्या मात्र त्या पत्र्याखालून जायच्या. हे मला ठाऊक, कारण दोन म्हशींचं दूध मी तिथं रोज सकाळी घालायचो, आणि दूध घालायला पाच मिनिटं लागत असली तरी मी तासभर बसायचो.

बसायचो ते चांगदेवासाठी. चांगदेव आणि मी सातवीपर्यंत एका पाटावर; त्याचा मी सर्ज्या, बाकी ठाण्याचा आबा, आणि तो सगळ्यांचा आप्पा. त्याचं घराणं मेंढपाळाचं. बाप हयातभर मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरला, पण चांगदेवाला शाळेत घातलं. पुढं तो फौजेत गेला, तिथं टेलिप्रिंटर शिकला, आणि परत आला तो थेट या ठाण्यावर ऑपरेटर म्हणून चिकटला. घरापासून दोन मैलांवर सरकारी नोकरी! आमच्यात असलं नशीब त्याचं एकट्याचं.

तिथं काम कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मुंबई, नागपूर, हैदराबाद अशा तीन गावांच्या तीन लाइनी. कुठलं विमान किती वाजता उडालं, किती उंचीवरनं चाललंय, कुठं कधी पोचेल, ही बातमी लाइनीवरून यायची. मशीन खडखड करत कागदाची फीत ओकायचं, फितीला भोकंच भोकं. ऑपरेटरनं ती फाडायची, कुणाला जायचीय ते बघायचं आणि त्या गावाच्या मशीनला भरवायची. तिथं पुन्हा खडखड. बातमी पुढं गेली की फीत भिंतीवरच्या खिळ्याला टोचून ठेवायची. तीन लाइनी, तीन खिळे.

चांगदेव ती भोकं नुसती बघून वाचायचा. मी एकदा विचारलं, "काय रे, ह्या चाळणीत तुला काय दिसतं?"

"नागपूरचं इमान पंचवीस मिन्टं उशिरा निघालंय."

"आन् आत कोण बसलंय?"

"तुझा सासरा. दूध पातळ हाय म्हणून तक्रार करायला चाललाय दिल्लीला."

प्रत्येक बातमीला नंबर असायचा. एकशे सतरानंतर एकशे एकोणीस आला, की मधली कुठंतरी पडली. चांगदेवाच्या हातून अशी पडलेली बातमी कधी सुटली नाही. चहाचा कप तोंडाला, पाठ मशीनकडं, आणि एकदम म्हणायचा, "ऐंशी आला न्हाई." लगेच पलीकडं विचारायचा, ऐंशी नंबर पुन्हा धाडा. बावीस वर्षांत त्याच्या पाळीला एकही बातमी हरवली नाही, असं मुंबईच्या साहेबानं लिहून दिलेलं प्रमाणपत्र त्याच्या घरी बिरोबाच्या तसबिरीशेजारी लटकत होतं.

अठ्ठ्याण्णव साली नवीन मशीन आलं. कॉम्प्युटर. फीत नाही, भोकं नाही, खडखड नाही. बातमी आली की तेच पत्ता वाचणार, तेच पुढं धाडणार. ते बसवायला पुण्याच्या कंपनीकडून एक पोरगी आली, दीक्षा नावाची. मूळची शिरूरची, वडील तिथं शाळामास्तर. रोज शिरूरहून न्हावऱ्यावरनं एस्टीनं चौफुल्याला यायची आणि तिथून मिळेल त्या गाडीनं माळावर. वय चोवीस-पंचवीस. पहिल्या दिवशी दुसरा ऑपरेटर पोपट तिला म्हणाला, "मॅडम, तुमचे साहेब कधी येणारेत?"

"आलेत की. मीच."

पोपटाला ते पचायला दोन दिवस लागले.

तिच्याबरोबर हुकूमही आला. सात दिवस जुनं आणि नवं एकदम चालवायचं. रोज संध्याकाळी खिळ्यांवरच्या फिती हातानं मोजायच्या, मशीननं स्वतः मोजलेला आकडा वेगळा घ्यायचा. सातही दिवस जुळले, तर ठाणं नव्या मशीनवर चालू राहील. नाही जुळले, तर ठाणं बंद, काम मुंबईला आणि माणसं जिथं जागा असेल तिथं. चांगदेवाचं नाव म्हणे पोर्ट ब्लेअरच्या यादीत होतं. मी नातवाच्या नकाशात बघितलं. सगळं निळं, आणि त्यात टाचणीनं टोचल्यासारखा ठिपका.

त्याला जाणं जमणारं नव्हतं. घरी आई, तानुबाई. ऐंशीच्या पुढची, नजर अधू, पण वीस-बावीस मेंढरं अजून पाळलेली. तिला दौंडाच्या दवाखान्यात न्यायचं तरी बैलगाडीभर विनवण्या कराव्या लागत. ती काय समुद्र ओलांडणार? म्हणून नव्या मशीनची भीती वाटत असूनही चांगदेव देवाला हात जोडून म्हणायचा, ह्याचा आकडा जुळू दे.

पहिल्या दिवशी मशीननं सांगितलं सहाशे बारा. चांगदेवानं मोजल्या सहाशे नऊ.

"तीन कुठं गेल्या?" पोपट म्हणाला.

"गेल्या न्हाईत, जादा आल्यात," चांगदेव म्हणाला. "खिळ्यावर सहाशे नऊच हायत. तुमच्या मशीननं तीन इमानं घरची घातली, मॅडम."

दीक्षा हसली नाही. एकच विमान दोनदा सांगितलं गेलं, तर वाट बघणारा माणूस आभाळात दोन विमानं शोधत बसेल, हे तिला माहीत होतं. ती जेवली नाही, मशीनपाशीच बसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनच. तिसऱ्या दिवशी बातम्या कमी होत्या, पाचशे ऐंशी. तरी फरक तीन. चौथ्या दिवशी वाढल्या, तरी तीन. मला तर झोप लागेना. चोर असता तर एक दिवस चार नेल्या असत्या, एक दिवस दोन. हा कसला शिस्तीचा चोर?

मी माझ्या अकलेनं विचारलं, "अगं, शेवटचा नंबर बघा की. त्यावरनं किती आल्या ते कळंल."

"नाही कळत, आबा," ती म्हणाली. "लाइन रिकामी असली की दर वीस मिनिटांनी नुसती हाक येते, 'आहात का?' म्हणून. तिलाही नंबर पडतो, पण तिची फीत खिळ्याला लावत नाहीत. हाका सोडून नुसत्या बातम्या किती, ते या ठाण्यावर आजवर कुणी मोजलेलंच नाही."

"मग तू मोज एकदा खिळ्यावरच्या."

"मला हात लावायची परवानगी नाही. मशीन माझ्या कंपनीचं, म्हणून मोजणी ठाण्याच्या माणसानं करायची. आणि आप्पांनी मोजल्यावर पुन्हा कोण मोजणार?"

ते खरंच होतं. चांगदेवानं मोजलं म्हणजे मोजलं. पोपट तर म्हणाला, "आप्पाच्या मागनं फिती मोजायच्या म्हंजी देवळातला नारळ वाजवून बघायचा."

चार दिवसांचे कागद मुंबईला गेले. लिहिलेलं एकच, 'यंत्र रोज तीन बातम्या जादा दाखवते.' दीक्षाला पुण्याहून फोन आला. फोनवर ती नुसती "हो सर, हो सर" करत होती. मग बाहेर येऊन खांबाखाली उभी राहिली. चांगदेव तिच्याजवळ गेला.

"काय म्हणत्यात?"

"सोमवारपर्यंत चूक सापडली नाही, तर माझ्या जागी दुसरा माणूस धाडणार. मुंबईचे साहेबही सोमवारीच येतायत." आणि एकदम म्हणाली, "आप्पा, मी सगळं उलटून बघितलं हो. एकही बातमी दोनदा नाही. एकही नाही."

चांगदेव म्हणाला, "सकाळधरनं पोटात काय गेलंय का? चल घरी. भाकरी खा, मंग शोध चोर."

तो रविवार होता, मोजणीला सुट्टी. मीही गेलो, बोलावलं नव्हतं, पण चांगदेवाच्या घरी मला कोण बोलावणार? अंगणात बसून आम्ही बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खात होतो. ऊन कलत होतं. मेंढरं माळावरनं आली. तानुबाईनं वाघुरीचं, म्हणजे जाळ्याच्या कुंपणाचं तोंड एका मेंढरापुरतं उघडलं आणि ती तिथंच उकिडवी बसली. एकेक मेंढरू आत जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवायची आणि ओठातल्या ओठात मोजायची. नजर नाही, पण हात पक्का.

दीक्षाला गंमत वाटली. तीही भाकरीचा तुकडा हातात धरून मोजू लागली. शेवटचं मेंढरू गेलं.

"बावीस," तानुबाई म्हणाली.

"तेवीस, आजी!"

"बावीसच हायत."

"अहो, मी बोटावर मोजली ना. तेवीस."

"पोरी, तुझ्या जलमाच्या आदीपास्नं मोजतीया मी. बावीस."

"मग तुमची एक सुटली असेल."

तानुबाई चिडली. "सुटंल कशी? पयली सोडून समदी मोजली."

"पहिली का सोडली?"

"आता गं बाई! पयली बिरोबाची. ती आपली न्हवं, ती कशी मोजायची? शाळंत शिकिवलं न्हाई व्हय तुला?"

मी हसलो. मेंढरांत ह्यानं काही बिघडत नाही. सकाळी सोडतानाही पहिली देवाची, संध्याकाळी कोंडतानाही देवाची. बावीस गेली, बावीस आली, हिशेब चोख. पिढ्यान् पिढ्या कुणाला शंका यायचं कारणच नाही. बाहेरचा माणूस शेजारी बसून मोजेपर्यंत कळणार कसं?

हसता हसता मी चांगदेवाकडं बघितलं. त्याचा घास हातातच होता. तो स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत होता. मग त्यानं हवेतच फिती उलटल्यासारखी बोटं हलवली. पहिल्या बोटाला ओठ हलले नाहीत. दुसऱ्याला हलले.

"तीन खिळे," तो म्हणाला.

दीक्षाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं तोंडावर हात धरला.

"आप्पा! प्रत्येक खिळ्याची पहिली..."

"मी मोजतच न्हाई. देवाशपथ, मला ठावंबी न्हाई. लहानपणी वाघुरीपाशी मोजायला शिकलो, हात तसाच चालतोय." त्यानं घास ताटात ठेवला. "तुझं मशीन खरं हाय, पोरी. खोटा मी."

तानुबाई म्हणाली, "काय झालं रं? मेंढरू गेलं का?"

"न्हाई आये. घावलं."

आता खरी गोष्ट इथं आहे. आम्ही दीक्षाला गाडीपर्यंत सोडायला निघालो, तेव्हा वाटेवर ती चांगदेवाला म्हणाली, "आप्पा, एक सांगू? उद्यापासून पहिलीही मोजा. आकडा जुळेल. मी सांगते, मशीन दुरुस्त केलं. बावीस वर्षांचं तुमचं नाव कशाला खराब करायचं? आणि ज्याला मोजता येत नाही असं कागदावर आलं, त्याला नव्या मशीनवर ठेवतील का?"

मलाही ते पटलं. मी म्हणालो, "चांगद्या, पोरगी शहाणी हाय. गप बस. पोर्ट ब्लेअरला पवायला येतंय का तुला?"

चांगदेव चालता चालता म्हणाला, "सर्ज्या, कागदावर ऱ्हाईल की ह्या मशीनला तीन जादा दाखवायची खोड हाय. उद्या खरंच एखादी बातमी दोनदा आली, तर बसलेला माणूस काय म्हणंल? जुनी खोड हाय, सोड. आन् वर इमानात माणसं असतील." मग दीक्षाकडं वळून, "आन् तू दुरुस्त काय केलंस म्हणून लिहिशील? मोडलेलंच न्हाई ते."

सोमवारी मुंबईचे साहेब आले. चांगदेवानं आधी रजिस्टर उघडून स्वतःच्या हातानं लिहिलं, मग त्यांच्यापुढं ठेवलं. 'चारही दिवसांची हातमोजणी चूक. प्रत्येक खिळ्यावरची पहिली फीत मोजली गेली नाही. चूक माझी. यंत्र बरोबर.' खाली सही, तारीख, वेळ. पोपट खाली मान घालून उभा. मी दुधाची किटली घेऊन दारात. निघायला हवं होतं, पण पाय निघेना.

साहेबांनी दोनदा वाचलं. "पहिली का मोजली नाही?"

चांगदेवानं सगळं सांगितलं, बिरोबासकट. साहेब हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"मग बावीस वर्षं हरवलेली बातमी तुम्हाला कळायची कशी?"

"त्याला मोजावं लागत न्हाई, साहेब. मेंढरू चुकलं तर आकड्यानं कळत न्हाई. त्याच्या मागचं मेंढरू पुढं आल्यालं दिसतं, त्यावरनं कळतं. ऐंशीच्या जागी एक्याऐंशी उभा दिसला की झालं."

"हे तुम्ही लिहिलं नसतं, तर मला कळलं नसतं," साहेब म्हणाले.

"व्हय. आन् मशीनच्या नावानं खोट ऱ्हायली असती."

साहेबांनी सिगारेट काढली, पुन्हा ठेवली. सात दिवस पुन्हा पहिल्यापासून चालवायचे, मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची, आणि आकडे बंद पाकिटात द्यायचे, एवढं लिहून ते निघाले. बदलीचं काही बोलले नाहीत. ते सात दिवस चांगदेवानं कसे काढले ते मी बघितलंय. प्रत्येक खिळ्याची पहिली फीत उचलायचा, मोठ्यानं "एक" म्हणायचा आणि तसबिरीला हात जोडतात तसा खिळ्याला हात जोडायचा. पोपटानं शेजारी बसून वेगळ्या मोजल्या. सातही दिवस जुळलं.

महिन्यानं हुकूम आला. ठाणं राहिलं. नव्या मशीनवर पाळीप्रमुख म्हणून चांगदेवाचं नाव. हुकुमात कारण लिहिलं नव्हतं, सरकारी कागदात लिहीत नाहीत.

दीक्षा शेवटच्या दिवशी त्याला शिकवत होती. पडद्यावर ओळी सरकत होत्या, आवाज काही नाही. चांगदेव दोन बोटांनी कळफलकावर टिचक्या मारत होता, घाम आला होता.

"आप्पा, विचारा काही असेल तर."

तो थांबला. "बातमी हितनं गेली, पलीकडं पोचली, ते दिसतंय. पण ज्याला धाडली त्यानं ती वाचली का, हे कुठं दिसतं?"

दीक्षा म्हणाली, "ते या मशीनला कळत नाही. पुढची पद्धत येतेय म्हणतात. तिच्यात वाचल्याची पोचपावती येईल म्हणे."

"कवा?"

"सात-आठ वर्षं तरी लागतील."

"मी चार वर्षांत घरी बसणार," चांगदेव म्हणाला. त्यानं रजिस्टर ओढलं, शेऱ्याच्या रकान्यात तो प्रश्न लिहिला आणि खाली जागा कोरी सोडली. मग पोपटाला म्हणाला, "ही जागा भरू नगंस. ज्याला कळंल, तो लिहील."