कलेजीवरचे पाण्याचे फुगे

गावच्या ग्रुपवरल्या लोहेकरांनो, डोकं तापलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहून राहिलो.

सकाळी मटण आणायला गेलो. बकऱ्याच्या कलेजीवर पाण्यानं भरलेले पांढरे फुगे निघाले. दुकानदारमामांनी तेवढा भाग कापला आन् दारातल्या कुत्रीपुढं फेकला.

मी म्हणलं, "मामा, त्या फुग्यांत जंताची पिल्लं असतात. कुत्रीच्या पोटात ती मोठी होतेत. तिच्या घाणीतून, केसांतून अंडी आपल्या हाताला लागतेत. पुरून टाका की!"

"कुत्र्याला काय होतंय? हाडं पचवतंय ते!" मामा हसले. सगळं गिऱ्हाईक हसलं. माझ्या मागचे काका म्हणाले, "मला तेवढी चांगली कलेजी बघून द्या."

लई संताप आला.

मागच्या वर्षी माझ्या बायकोच्या लिव्हरमधून असाच फुगा ऑपरेशन करून काढला. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "घरी कुत्रं आहे का?"

होतं. आमचा शेरू. त्याला जंताची गोळी कधीच दिली न्हाई. पण दर रविवारी याच दुकानातून असले तुकडे पिशवीत बांधून मीच न्यायचो.

बायको म्हणायची, "असलं नका घालू त्याला."

मी हसायचो. "कुत्र्याला काय होतंय?"